सातव्या ओळीतलं लहान झाड

१

मार्च लागला तशी हिंगणीतल्या बायकांनी प्रभाकरराव डेकाट्यांच्या केळीच्या बागेत दुपारचं जाणं बंद केलं. सकाळी जायच्या, वाळकी पानं कापायच्या आणि अकरा वाजले की विळे उचलून बांधावर, धुऱ्यावर येऊन बसायच्या. प्रभाकररावांनी आधी रागावून पाहिलं, मग दोनदा चहा पाठवून पाहिला. उपयोग झाला नाही. शेवटी प्रमिलाबाई नावाची त्यांच्यातली सगळ्यांत धीट बाई तोंडावर बोलली.

"बारा वाजता सातव्या ओळीत पांढऱ्या कपड्यातला माणूस उभा राह्यते, मालक. हालत नाई, बोलत नाई. थोडा वेळ दिसते अन् मंग दिसतच नाई."

"कोन माणूस?"

प्रमिलाबाईनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. गेल्या दसऱ्यापासून गावातला एकच माणूस नाहीसा झाला होता. अश्वजित थूल, वय एकोणतीस, बागेच्या कडेला असलेल्या शेडनेटमध्ये टिश्यूची रोपं सांभाळणारा. प्रयोगशाळेतून बाटलीत आलेलं बोटभर रोप पिशवीत लावायचं, उन्हावाऱ्याची सवय करून द्यायची आणि फूटभर झालं की शेतकऱ्याच्या हाती द्यायचं, हे त्याचं काम. मातीत काम करायचा, पण कायम पांढरा शर्ट घालून. दसऱ्याच्या संध्याकाळी आईच्या फोनवर त्याचा संदेश आला की तो पुण्याला चाललाय. त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद.

प्रभाकररावांनी सेलूच्या कृषी कार्यालयात फोन लावला. "मॅडम, तुम्ही येऊन बायांले समजावा. घड निसवून बाहेर पडून राह्यले अन् बागेत कोणी पाय टाकाले तयार नाई."

पलीकडे वर्षाली नगराळे होत्या, मंडळ कृषी अधिकारी. कोण दिसतं म्हणतात ते ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या येते."

अश्वजितचं नाव त्यांना टोचायचं, त्याला कारण होतं. दसऱ्याच्या दिवशी त्या नागपूरला दीक्षाभूमीवर होत्या. लाखोंच्या गर्दीत पर्समधला फोन कधी वाजला, कळलंच नाही. परतीच्या बसमध्ये पाहिलं तर अश्वजितचा फोन येऊन गेलेला. अकरा वाजून चाळीस मिनिटं. सणाच्या शुभेच्छा असतील, उद्या करू, म्हणून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. तो उद्या आलाच नाही. पाच महिने झाले तरी फोनच्या यादीतलं ते नाव त्यांनी पुसलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी त्या बागेत जायच्या आधी भागीरथाबाईंकडे गेल्या. अश्वजितची आई. साठीची, सडपातळ, डेकाट्यांच्याच बागेत रोजीनं जाणारी. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी एका खिळ्याला पांढरा शर्ट इस्त्री करून टांगला होता.

"दर रविवारी धुते," भागीरथाबाई म्हणाल्या. "आला तं मळका नको दिसाले."

"मावशी, त्यानं पाठवलेला संदेश तुम्ही ठेवला का?"

त्यांनी फोन पुढे केला. संदेश मराठीत टाईप केलेला होता. 'आई, मी पुण्याला कामासाठी चाललो आहे. मला शोधू नको. काळजी घे. अश्वजित.'

"हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"शेजारच्या मास्तरणीनं. मले कुठं वाचता येते, बाई? मालकाच्या हजेरीवर बी अंगठाच मारतो आमी. ताराचंदच अंगठा धरून शाई लावते."

वर्षालीबाईंनी फोनवर बोट मागे मागे नेलं. त्याआधी अश्वजितचा एकही लिहिलेला संदेश नव्हता. होते ते सगळे बोललेले, छोटे छोटे. त्यांनी एक लावला. 'आई, भात टाकून ठेव, मी येऊन राह्यलो.' खोलीत त्याचा आवाज उमटला आणि भागीरथाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पोलिसांना सांगितलं नाही हे?" वर्षालीबाईंनी विचारलं.

"सांगतलं. थे म्हने मोठा पोरगा हाय, आपल्या मर्जीनं गेला." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाया त्याले भेतात. मी नाई भेत. मी रोज बाराले जातो सातव्या ओळीत. जवळ गेलं का काईच नसते. पण गरम लागते, बाई. जसं कोणी आत्ताच उठून गेलं."

वर्षालीबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.

३

केळीची भरलेली बाग बाहेरून हिरवीगार दिसते, पण आत गेलं की उजेड संपतो. दोन्ही बाजूंची पानं वर जाऊन एकमेकांत मिसळलेली, खाली ओल, ठिबकच्या नळ्यांची बारीक टपटप. वाळकं पान खोडाला घासलं की अगदी मागे कोणी चालत असल्यासारखं वाटतं. वर्षालीबाई दोनदा वळल्या. मागे कोणी नव्हतं. बायका आणि प्रभाकरराव धुऱ्यावरच थांबले होते.

सातवी ओळ. बारा वाजायला चार मिनिटं होती. समोर पन्नास पावलांवर नुसता अंधार. आणि मग बघता बघता त्या अंधारात एक पांढरी उभी आकृती तयार झाली. माणसाएवढी. खांद्यापाशी रुंद, खाली निमुळती. वर पान हललं तशी ती किंचित झुकली.

वर्षालीबाईंना पळून जावं असं फार वाटलं. पण पाच महिन्यांपूर्वी या माणसाचा फोन आपण उचलला नव्हता, निदान आता तोंड तरी फिरवू नये, या विचारानं त्यांनी पाय पुढे टाकला. एक पाऊल. दहा. तीस. आकृती विरघळत गेली आणि अचानक त्यांच्या कपाळावर, खांद्यांवर ऊन पडलं.

त्यांनी वर पाहिलं. सगळ्या बागेचं छप्पर गच्च होतं, इथं मात्र एक भोक होतं. त्यातून माध्यान्हीचं ऊन सरळ खांबासारखं खाली उतरत होतं आणि हवेतल्या धुळीवर, वाफेवर पांढरं होऊन उभं राहत होतं. थंडीत सूर्य तिरपा चालतो, तेव्हा ते खाली पोचतच नसेल. मार्चमध्ये सूर्य वर चढला आणि बायकांना माणूस दिसू लागला.

त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण भोक पडलं होतं ते खाली झाड लहान असल्यामुळे. जेमतेम छातीपर्यंत आलेलं, पानांवर फिकट पिवळे पट्टे असलेलं एक झाड. त्याच्या चारी बाजूंना दोन पुरुष उंचीची झाडं घड घेऊन उभी होती.

वर्षालीबाईंनी त्या खोडावर हात ठेवला. या बागेतली तीन हजार झाडं एकाच मूळ झाडाच्या पेशींपासून केलेली. वीस जूनला, त्यांच्याच देखत, एका दिवसात लागलेली. तीच माती, तेच पाणी. टिश्यूच्या बागेत सगळी झाडं एकाच आठवड्यात निसवतात, त्यासाठीच तर लोक ही रोपं घेतात.

मग हे एकच मागे कसं राहिलं?

४

बागेचं पाणी ताराचंद पाहायचा, डेकाट्यांचा जुना सालगडी. वर्षालीबाईंनी त्याला झाडापाशीच बोलावलं.

"नांग्या कधी भरल्या होत्या?"

"मेलेल्या रोपाच्या जागी? जुलैच्या दहा तारखेपर्यंत सगळ्या भरून झाल्या, मॅडम. उरलेली रोपं मालकानं पाव्हण्याले देऊन टाकली."

"मग हे?"

ताराचंदनं डोकं खाजवलं. "ह्याले काई रोग असन. खुजं राह्यलं."

वर्षालीबाई खाली बसल्या. केळीचं पान वाळून कापलं तरी त्याचा देठ खोडाला चिकटून राहतो. खालून वर मोजत गेलं की झाडानं जन्मल्यापासून किती पानं काढली ते कळतं. त्यांनी शेजारच्या झाडाचे देठ आणि पानं मोजली, एकतीस. पलीकडच्याची मोजली, एकतीस. समोरच्याची बत्तीस. मग लहान झाडाची मोजली. सोळा.

खुजं झाड उंचीनं कमी राहील, पण पानांत अर्ध्यावर येणार नाही. हे झाड आजारी असेलही, पण आधी ते वयानं लहान होतं. पंधरा पानांनी लहान. पावसाळ्यात केळ आठवड्याला एक पान टाकते. वीस जूनपासून पंधरा आठवडे. वर्षालीबाईंनी बोटांवर मोजलं आणि बोटं तिथंच थांबली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

"ताराचंदभाऊ, दसऱ्याच्या आसपास इथं काय झालं होतं?"

"काई नाई. म्हंजे... पाईप फुटलता. मोठा पाईप, हाच खालून जाते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कमरेएवढा खड्डा खणला. एक झाड आडवं येत होतं, थे काढून फेकलं. पाईप जोडला अन् जोड वाळू दे म्हणून खड्डा उघडा ठेवून सणाले घरी गेलतो."

"मग बुजवला कधी?"

"मी नाई बुजवला. दोन दिवसांनी आलो तं बुजवलेला होता, वर रोप बी लावलेलं. म्हटलं मालकानं केलं."

प्रभाकरराव धुऱ्यावर सावलीत बसले होते. वर्षालीबाईंनी त्यांना तोच प्रश्न विचारला.

"ताराचंदनं बुजवला ना," ते सहज म्हणाले. "मी तं दसऱ्याले घरून हाललोच नाई. सोनं द्यायले दिवसभर लोक येत होते." आणि मग ताराचंदच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज चिरकला. "काऊन? तू नाई बुजवला?"

पाच महिने त्या झाडावरून दोघंही रोज गेले होते आणि एकमेकांना एवढं साधं विचारायचं राहून गेलं होतं.

५

शेडनेटचा मालक कैलास वर्ध्याचा. कोपऱ्यातली जागा त्यानं डेकाट्यांकडून भाड्यानं घेतली होती. चाळिशीचा, हसतमुख, बोलायला मोकळा. वर्षालीबाई आल्या तेव्हा तो ट्रेवर पाणी मारत होता.

"भूत पकडलं का मॅडम?" तो हसला.

"पकडलं. उन्हाचं होतं." त्यांनी स्टूल ओढलं. "अश्वजितबद्दल विचारायचं होतं. जाण्याआधी काही बोलला होता?"

कैलासनं पाणी बंद केलं. "खरं सांगू? तो नाराज होता. सप्टेंबरला जो लॉट आला, त्याच्या पानावर त्याला हरण्या दिसला."

हरण्या म्हणजे केळीवरचा विषाणू. पानावर पिवळे पट्टे येतात, घड वाया जातो आणि मावा नावाची कीड हा रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत नेते. टिश्यूच्या रोपांत तर मूळ झाडच रोगट निघालं की त्याची हजारो पिल्लं रोग घेऊनच जन्मतात.

"मग तुम्ही काय केलं?"

"त्याचं ऐकलं. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सगळा लॉट जाळला. एक पिशवी गेटबाहेर गेली नाही. प्रभाकररावांना विचारा, त्यांनी धूर पाहिला. आमचं भांडण-बिंडण काही नव्हतं मॅडम. पोरगा हुशार होता, पुण्यात जास्त पगार मिळाला असेल."

"आणि जूनच्या लॉटमध्ये?"

"हरण्या? एकही नाही. पूर्ण बाग पाहून घ्या, एक पट्टा दाखवा."

वर्षालीबाई उठल्या. चेहरा शांत ठेवायला त्यांना फार कष्ट पडले. शेडनेटच्या बाहेर येऊन त्यांनी बाभळीला हात टेकवला आणि सेलूच्या ठाण्यात फौजदार गुंजन उईकेंना फोन लावला.

"मॅडम, कुदळ-फावडं घेऊन माणसं आणा," त्या म्हणाल्या. "आणि आधी भागीरथाबाईंना कोणीतरी घरी बसवून ठेवा."

६

तीन वाजता सगळे सातव्या ओळीत उभे होते. प्रभाकरराव, ताराचंद, कैलास, फौजदार उईके आणि त्यांची माणसं. उन्हाचा खांब कधीच सरकून गेला होता. आत हिरवट अंधार होता.

"हे झाड दसऱ्याच्या सुमाराला लागलं," वर्षालीबाईंनी सुरुवात केली. "पानं मोजली तर तेच सांगतात आणि ताराचंदभाऊंचा खड्डाही तेच सांगतो. सणाच्या दिवशी इथं कोणी नव्हतं. मालक घरी होते, सालगडी सुट्टीवर. आणि भागीरथाबाईंसह कामाच्या निम्म्या बाया दीक्षाभूमीवर, माझ्यासारख्याच. त्या दिवशी कोणीतरी हा खड्डा बुजवला. नुसता बुजवला नाही, वर रोप लावलं. म्हणजे पुन्हा कोणी इथं खणू नये."

"पन रोप आलं कुठून?" प्रभाकररावांनी विचारलं. "माह्यापाशी तं एकही नव्हतं."

"तेच." त्यांनी लहान झाडाचं एक पान उजेडाकडे धरलं. फिकट पिवळे पट्टे स्पष्ट उठून दिसले. "हा हरण्या. शेजारची दोन झाडं सोडली तर सगळ्या बागेत कुठंच नाही. त्या दोन झाडांवर आत्ता कुठं सुरू होतोय, तोही ह्याच्यामुळे. हे रोप सप्टेंबरच्या लॉटमधलं आहे. कैलासभाऊ, तो लॉट तुम्ही दसऱ्याच्या आठ-नऊ दिवस आधी जाळला म्हणता. जळालेलं रोप दसऱ्याला इथं कसं लागलं?"

कैलास हसायचा प्रयत्न करत होता. "एखादी पिशवी राहिली असेल. कोणीही उचलली असेल. ताराचंद, नाहीतर—"

"मलाही तसं वाटलं असतं," वर्षालीबाई म्हणाल्या. "पण त्या संध्याकाळी अश्वजितच्या फोनवरून त्याच्या आईला लिहिलेला संदेश गेला. भागीरथाबाईंना वाचता येत नाही. त्यांचा अंगठा ताराचंदभाऊ स्वतः धरतात, हजेरीवर मालक तो रोज बघतात. ह्या दोघांपैकी कोणीही त्यांना लिहून काही पाठवलं नसतं. अश्वजितनं तर नसतंच नसतं. लिहिणाऱ्याला एवढंच माहीत होतं की त्याला आई आहे. ती कोण, काय, ह्याची चौकशी त्यानं कधी केली नव्हती. रोज वर्ध्याहून यायचा, वर्ध्याला जायचा."

वर कुठंतरी पान फाटल्याचा आवाज आला.

उईकेंनी खूण केली. दोघांनी झाड मुळासकट उपटून बाजूला ठेवलं आणि कुदळ मातीत गेली. पहिल्याच काही घावांत कैलास खाली बसला आणि ओळीकडे पाठ करून बोलू लागला, कोणी न विचारता.

दसऱ्याला सगळीकडे सामसूम असते म्हणून त्यानं जाळल्याचं सांगितलेला लॉट तळेगावकडे पाठवायला गाडीत भरायला घेतला होता. आधी प्रभाकररावांना दिसलेला धूर नुसत्या पालापाचोळ्याचा होता. अश्वजित अचानक आला. सणाच्या दिवशी रोपांना पाणी मारायला. त्यानं पिशव्या ओळखल्या. म्हणाला, आत्ताच्या आत्ता मॅडमला फोन लावतो. त्यानं लावलाही. रिंग वाजत राहिली. कैलासनं फोन हिसकला, ढकललं आणि त्याचं डोकं शेडनेटच्या लोखंडी अँगलवर आदळलं.

"रिंग वाजत होती," कैलास पुन्हा म्हणाला.

वर्षालीबाई तिथून निघाल्या. ओळीच्या टोकाला गेल्या, धुऱ्यावर बसल्या आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडल्या. मागून कुदळीचा आवाज येत होता. मग तो थांबला. मग ताराचंदचा आवाज आला, हुंदक्यासारखा, "शर्ट हाय हो. पांढरा शर्ट."

७

अश्वजितला निरोप द्यायला सगळी हिंगणी आली. भंतेजींनी वंदना घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाई सेलूच्या कार्यालयात, वर्षालीबाईंच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

वर्षालीबाई धडपडत उठल्या. जे सांगायचं होतं ते पाच महिने त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. "मावशी, त्यानं त्या दिवशी मलाच फोन केला होता. मी उचलला नाही."

"मालूम हाय. फौजदार बाईनं सांगतलं." भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर माफीची नव्हती, रागाचीही नव्हती. "कायले केलता त्यानं फोन?"

"ती रोपं थांबवायला."

"मंग थांबली का?"

नव्हती. कैलासच्या जबाबातून नावं मिळाली होती, तळेगाव आणि आसपासचे सात शेतकरी. पत्रं निघणार होती. पत्रं पोचेपर्यंत मावा किती बागा फिरला असता, कोण जाणे.

"चला," भागीरथाबाई म्हणाल्या. "मी बी येतो."

पहिली बाग चंद्रभान नावाच्या म्हाताऱ्याची होती. सहाशे झाडं, कंबरेवर आलेली, पानापानावर पट्टे. वर्षालीबाईंनी समजावून सांगितलं की ही उपटून जाळावी लागतील, सगळी, नाहीतर गावातली एकही केळ राहणार नाही. म्हातारा झाडांकडे पाहत उभा राहिला. लेकरासारखी वाढवली होती. मग तो वर्षालीबाईंकडे वळला.

"हे कोणी शोधून काढलं, बाई? म्हंजे खरं हाय कशावरून?"

वर्षालीबाई उत्तर देणार तोच मागून आवाज आला.

"माह्या पोरानं शोधलं. अश्वजित थूल."

चंद्रभाननं त्यांच्याकडे पाहिलं. पोरगा आता राहिला नाही हे तो समजला असावा, कारण पुढे त्यानं काही विचारलं नाही. टोपी सारखी केली, कुदळ घेतली आणि पहिल्या झाडाच्या बुडाशी घाव घातला. भागीरथाबाईंनी पदर खोचला आणि ते झाड ओढून धुऱ्यावर नेलं. मग दुसरं. मग तिसरं.

दहाएक झाडं झाल्यावर चंद्रभान धाप टाकत थांबला आणि शेजारच्या शेतात नांगर धरलेल्या माणसाला त्यानं हाक मारली.

"अबे, तुह्याकडची बी पाहून घेजो! पिवळे पट्टे असन तं उपटून टाक!"

"कोन म्हणते?" तिकडून आवाज आला.

"हिंगणीचा अश्वजित सांगून राह्यला!" चंद्रभान ओरडला.

वर्षालीबाईंनी दचकून भागीरथाबाईंकडे पाहिलं. त्यांनी म्हाताऱ्याचं ते 'सांगून राह्यला' दुरुस्त केलं नाही. हातातलं झाड खाली ठेवलं, वाऱ्यावरून लांब लांब जाणारी ती हाक पुरती ऐकू येईस्तोवर थांबल्या आणि मग पुढच्या झाडाकडे वळल्या.